परमुलखात श्रद्धेचा आधार : मुंबईतील गोमंतकीय ख्रिस्ती 'कूड' संस्थेचे स्वरूप आणि मर्यादा

गोषवारा

नव्या ठिकाणी स्थिरावताना माणूस श्रद्धेचा आधार घेतो, असे आपण सहज म्हणतो. हा आधार प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने मिळतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत गोव्याहून मुंबईला आलेल्या कॅथलिक ख्रिस्ती कष्टकऱ्यांच्या 'कूड' या निवासी संस्थेच्या साहाय्याने या प्रश्नाचा विचार केला आहे. श्रद्धेचा आधार हा केवळ मनातील भावनेतून मिळत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सामाईक पैसा आणि परस्परांवरील नजर यांतून तो घडतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. ज्या रचनेतून आधार मिळतो तीच रचना कुंपणही घालते. म्हणून गावाशी बांधलेल्या श्रद्धेकडून वस्तीशी बांधलेल्या श्रद्धेकडे झालेला प्रवास हाच स्थलांतरितांच्या समायोजनाचा खरा मापदंड होय, असा निष्कर्ष लेखाअंती मांडला आहे.

बीजसंज्ञा : स्थलांतर, समायोजन, गोमंतकीय ख्रिस्ती, कूड, तेर्स, धर्मग्राम.

१. प्रस्तावना

स्थलांतराच्या अभ्यासात रोजगार, वेतन, निवारा या बाबींना साहजिकच अग्रस्थान मिळते. धर्माचा उल्लेख आला तर तो बहुधा शेवटच्या परिच्छेदात, 'मानसिक आधार' या दोन शब्दांत उरकला जातो. या शब्दांत चूक काही नाही. परंतु त्यांतून काही उलगडतही नाही. ज्याच्या खिशात परतीच्या भाड्याचे पैसे नाहीत आणि ज्याला शहराची भाषा नीट येत नाही, अशा माणसाला प्रार्थनेने नेमके काय दिले? मन शांत केले, एवढेच असेल तर प्रश्न तेथेच संपतो. प्रत्यक्षात मात्र त्याला झोपायला जागा, उसने पैसे, नोकरीची खबर, आजारपणात सोबत आणि वाईट मार्गाला लागण्यापासून अटकाव, हे सारे त्या प्रार्थनेच्या भोवतीच मिळाले. हा संबंध कसा जुळला हे समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विवेचनासाठी कूड निवडण्याचे कारण असे की, येथे श्रद्धा आणि निवारा या दोन गोष्टी एकाच खोलीत नांदताना दिसतात. शिवाय ही संस्था मुंबईत, म्हणजे मराठी समाजाच्या शेजारीच वाढली. तरीही मराठीतील समाजशास्त्रीय लेखनात तिची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

२. ख्रिस्ती परंपरेतील परदेशवासी

प्रथम वैचारिक पार्श्वभूमी पाहू. बायबलमध्ये स्थलांतराच्या कथा विपुल आहेत. अब्राहाम आपला देश सोडून निघतो. इस्राएल लोक मिसर देशातून बाहेर पडतात. मवाब देशातील रूथ ही विधवा सासूबरोबर परक्या बेथलेहेमात येऊन शेतात सरवा वेचते. समायोजनाच्या दृष्टीने मात्र यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एकोणतिसावा अध्याय विशेष महत्त्वाचा आहे. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मया पत्राने कळवितो की, तेथे घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हा उपदेश दोन टोके टाळतो. परके नगर पूर्णपणे आपले मानण्यास तो सांगत नाही, तसेच त्याच्याकडे पाठ फिरविण्यासही सांगत नाही. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रातही श्रद्धावंतांना प्रवासी व परदेशवासी म्हणून संबोधिले आहे.

या संदर्भात एका शब्दाची व्युत्पत्ती उद्बोधक ठरते. आज 'पॅरिश' म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्ती. वसईकडील मराठी ख्रिस्ती तिला धर्मग्राम म्हणतात. हा शब्द 'पारोइकिया' या ग्रीक शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ परक्या ठिकाणी केलेला निवास असा आहे. ज्या शब्दाने मुळात उपरेपण सूचित होत होते, तोच काळाच्या ओघात कायम वस्तीचे नाव झाला. कुडीचा इतिहास पाहताना हा अर्थपालट ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

३. स्थलांतराची कारणे

गोव्यातील ख्रिस्ती वस्ती प्रामुख्याने जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश व सासष्टी या भागांत एकवटलेली आहे. मुंबईला आलेले बहुसंख्य ख्रिस्ती बार्देश व सासष्टीतील होते. या भागांत लोकसंख्या दाट आणि जमीन मर्यादित होती. गावची सामाईक जमीन गावकरी संस्थेच्या ताब्यात असे. तिच्या उत्पन्नातील वाटा गावकर घराण्यांना मिळे. ज्यांना हा वाटा नव्हता त्यांना कुळवहिवाट, मासेमारी वा हातकाम एवढेच मार्ग होते.

यात बाह्य कारणांची भर पडली. १७९९ ते १८१३ या काळात ब्रिटिश फौजा गोव्यात होत्या. खाण्यापिण्याचे निर्बंध न पाळणारे स्वयंपाकी व नोकर येथे मिळतात, हे इंग्रजांच्या ध्यानात आले. १८७८ च्या पोर्तुगीज-ब्रिटिश करारान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मिठागरांवर जगणाऱ्यांची स्थिती बिकट झाली. हा करार १८९२ मध्ये संपुष्टात आला, तोवर गावाबाहेर पडण्याची वाट रुळली होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई बंदरातील आगबोटींची वर्दळ वाढली. 'पी. अँड ओ.' आणि 'ब्रिटिश इंडिया' या कंपन्यांच्या बोटींवर भांडारी, स्वयंपाकी, वाढपी अशा जागांवर गोमंतकीय ख्रिस्ती मोठ्या संख्येने लागले. बोटीवरील या कामगाराला कोंकणीत 'तारवटी' म्हणतात.

तारवटीचे जीवन मुंबईत आणि मुंबईबाहेर असे विभागलेले होते. काही महिने समुद्रावर, काही आठवडे गावी आणि मधला काळ पुढच्या बोटीची वाट पाहत मुंबईत. या मधल्या काळात पगार नसे. भाड्याचे घर परवडत नसे आणि वर्षातील बहुतेक काळ रिकामे ठेवण्यासाठी ते घेणेही शहाणपणाचे नव्हते. कूड ही या नेमक्या अडचणीतून निर्माण झाली.

४. कुडीची रचना

'कूड' हा कोंकणी शब्द असून त्याचा अर्थ खोली असा आहे. मराठीत कूड म्हणजे काठ्यांची, लिंपलेली भिंत. दोन्ही अर्थांत निवाऱ्याची कल्पना सामाईक आहे. इंग्रजी कागदपत्रांत या संस्थांना गावाच्या नावाने 'क्लब' म्हटले जाई. धोबी तलाव, सोनापूर, कावेल, भायखळा, माझगाव या भागांत, म्हणजे बंदर आणि जुनी चर्चे यांच्या आसपास, त्या उभ्या राहिल्या. धोबी तलावावरील जेर महाल या इमारतीत अनेक गावांच्या कुडी एकत्र होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा तीनशेहून अधिक कुडी मुंबईत होत्या.

कुडीचे स्वरूप साधे असे. एक मोठी खोली अथवा दोन-तीन खोल्या. भिंतीलगत सभासदांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या. रात्री पेटीसमोरच्या जागेत चटई अंथरून झोपायचे, सकाळी ती गुंडाळून ठेवायची. खोलीतील मानाची जागा मात्र वेदीची. तिच्यावर गावच्या चर्चच्या संरक्षक संताची किंवा मरियामातेची मूर्ती, क्रूस, मेणबत्त्या, फुले. सभासदत्व त्या गावच्या कॅथलिक पुरुषाला मिळे आणि मासिक वर्गणी नाममात्र असे. कारभार सभासदांनी निवडलेली समिती पाही. संध्याकाळच्या प्रार्थनेस हजर राहणे, दारू पिऊन न येणे, ठरलेल्या वेळेत परतणे असे नियम कुडींतून असत.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. ही रचना अभूतपूर्व नव्हती. गोव्यातील चर्चमध्ये 'कोनफ्रारी' नावाचे बंधुसंघ पूर्वापार आहेत. सामाईक निधी ठेवणे, सणाचा खर्च करणे, मृत सभासदाच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणे ही कामे ते करीत. वर्गणी, हिशेब, पदाधिकारी, सामाईक निधी या गोष्टी गावकऱ्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. मुंबईत आलेल्या अल्पशिक्षित तारवटीने जी संस्था चालविली, तिचे शिक्षण त्याला गावच्या चर्चच्या आवारात आधीच मिळाले होते. धर्माने त्याला येथे संघटनेचे तंत्र पुरविले.

मराठी वाचकाला यासारखे दुसरे उदाहरण आठवेल. रत्नागिरी व सिंधुदुर्गातून गिरणगावात आलेला चाकरमानी गावमंडळाच्या खोलीत राही, खाणावळीत जेवी आणि भजनाला बसे. दोहोंत साम्य पुष्कळ आहे. कुडीत मात्र सामूहिक प्रार्थना ही निवासाची अट होती आणि वेदी हे खोलीचे केंद्र होते.

५. तेर्स : प्रार्थनेचे कार्य

गोव्यातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते. तिला कोंकणीत 'तेर्स' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजमधून आला असून त्याचा अर्थ तिसरा भाग असा आहे. पारंपरिक संपूर्ण जपमाळेत नमो मरियेच्या प्रार्थनेची पंधरा दशके असत आणि एका वेळी त्यांतील पाच म्हटली जात, म्हणून हे नाव पडले. ही प्रार्थना पाठ असते. तिला पुस्तक, धर्मगुरू वा चर्चची इमारत लागत नाही. एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीचे उरलेली अर्धी पुरी करतात. अखेरीस मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. घरी तेर्स संपल्यावर धाकटे थोरांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद मागतात.

स्थलांतरिताच्या दृष्टीने या प्रार्थनेची चार कार्ये दाखविता येतात.

पहिले कार्य वेळेचे. बोटीची वाट पाहणाऱ्या बेकार माणसाचा दिवस आकारहीन असतो. संध्याकाळच्या तेर्सने त्या दिवसाला शेवट मिळतो. गावी त्याच सुमारास आई-बायको-मुले तीच प्रार्थना म्हणत असतात, याची जाणीवही त्यात असते. पत्र पोहोचायला दिवस लागत, त्या काळात ही समकालिकता लहान गोष्ट नव्हती.

दुसरे कार्य हजेरीचे. सर्व जण एका वेळी एकत्र आले की कोण आले नाही हे आपोआप कळते. कोण आजारी आहे, कोणाला बोट लागली, कोण वाममार्गाला लागला, हे कुडीला तेर्सच्या वेळी समजे. शहरात बेपत्ता होणे सोपे असते. कुडीत ते अवघड होते.

तिसरे कार्य विश्वासार्हतेचे. उसने पैसे देणारा आणि घेणारा दोघे रोज एकाच वेदीसमोर गुडघे टेकीत. परतफेड बुडविणाऱ्याची वार्ता पुढच्या बोटीने गावी पोहोचे. श्रद्धा आणि लोकलज्जा यांचा हा संयोग कर्जरोख्याहून परिणामकारक होता.

चौथे कार्य मृत्यूसंबंधीचे. समुद्रावर मरण आलेल्या तारवटीला पुष्कळदा कबर नसे. दुसऱ्या महायुद्धात बोटी बुडाल्या तेव्हा अनेक घरांवर हा प्रसंग ओढवला. ज्याला थडगे नाही त्याचा शोक कोठे करायचा, हा प्रश्न केवळ भावनिक नसतो. मृतांसाठी म्हणावयाची प्रार्थना आणि गावच्या चर्चमध्ये त्याच्या नावे होणारा मिस्सा यांनी त्या मृत्यूला समाजात एक जागा मिळवून दिली.

या चारही कार्यांत 'मानसिक आधार' आहेच. पण तो कोणा एकट्याच्या अंतःकरणातून उगवलेला दिसत नाही. अनेकांनी रोज एकत्र केलेल्या कृतीतून तो साठत गेला. एखाद्याची श्रद्धा त्या दिवशी क्षीण असली तरी त्याच्या वाट्याची अर्धी प्रार्थना शेजारी पुरी करीत असे.

६. श्रद्धेबरोबर आलेली कौशल्ये

श्रद्धेने दिलेला आधार कमाईतही दिसतो. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे, गाणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. हेतू मिस्सा व सणांसाठी गायक-वादक तयार करण्याचा होता. मुंबईत आल्यावर हेच शिक्षण उपजीविकेचे साधन ठरले. हॉटेलांतील बँड, मूकपटांच्या काळातील वादकसंच आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीत यांत स्वरलिपी वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांना मोठी मागणी होती. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे याचे सुपरिचित उदाहरण. चर्चच्या संगीतात वाढलेले हे व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक प्यारेलाल यांचे गुरू होते. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यातून त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

भाषेच्या बाबतीतही तसेच म्हणता येईल. १७ एप्रिल १८९२ रोजी 'इटालियन भुरगो' या कोंकणी नाट्यप्रयोगाने 'तियात्र' या रंगप्रकाराचा आरंभ झाला, तो गोव्यात नव्हे तर मुंबईत. 'दर म्हयन्याची रोटी' हे १९१५ पासून निघणारे रोमी लिपीतील कोंकणी धार्मिक मासिक मूळचे कराचीचे. पुढे ते गोव्यात आले. गावी पोर्तुगीजच्या छायेत दबलेली मातृभाषा परमुलखात छापील झाली आणि रंगमंचावर आली. श्रद्धा ही येथे भूतकाळ जपणारी पेटी न राहता नवनिर्मितीचे निमित्त बनली, हे विशेषत्वाने नोंदविले पाहिजे.

७. आधार आणि कुंपण

कुडीचे चित्र केवळ गौरवाचे रंगविणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य होणार नाही. तिच्या मर्यादा तिच्या रचनेतच होत्या.

पहिली मर्यादा गावाची. ख्रिस्ती धर्म सर्व श्रद्धावंतांना एका शरीराचे अवयव मानतो. परंतु कुडीचे दार शेजारच्या गावातील श्रद्धावंताला सहसा उघडे नसे. मोठ्या गावांतील निरनिराळ्या वाड्यांच्या वेगळ्या कुडी असत. गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर असे जातिभेद टिकून राहिले. कोनफ्रारींचे मानपान त्यांवर आधारलेले होते, त्यामुळे गावाशी बांधलेली संस्था या भेदांपासून सर्वस्वी मुक्त राहणे शक्य नव्हते. गावच्या 'फेस्ता'चा प्रेझिदेंत होऊन सणाचा खर्च उचलणे हा मोठा मान. बोटीवरील कमाई घेऊन परतलेल्यांना हा मान हवासा वाटू लागला आणि काही गावांत जुन्या हक्कदारांशी त्यांचा संघर्ष झाला. म्हणजे परमुलखातील कमाईने गावच्या भेदांना धक्का दिला, पण ज्या मानासाठी हा झगडा झाला तो मान जुनाच होता.

दुसरी मर्यादा स्त्रियांसंबंधी आहे. गोव्याहून मुंबईला स्त्रियाही आल्या. अनेक जणी आया किंवा घरकाम करणाऱ्या म्हणून राहिल्या. कूड मात्र मुख्यतः पुरुषांची होती. मालकाच्या घरी राहणाऱ्या स्त्रीला रविवारच्या मिस्सापुरतीच आपल्या माणसांची भेट होई. श्रद्धा तिचीही तीच होती, जपमाळही तीच होती. पण त्या श्रद्धेभोवती उभी राहणारी खोली तिच्या वाट्याला आली नाही. श्रद्धेचा आधार सर्वांना सारखा मिळतो, या समजुतीला हे उदाहरण छेद देते.

तिसरी मर्यादा शहराशी असलेल्या नात्याची. मुंबईच्या चर्चमध्ये गोमंतकीयांच्या शेजारी बसणारे मूळचे स्थानिक ख्रिस्ती मराठी बोलणारे होते. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले उत्तर कोकणातील आगरी, कोळी, भंडारी, कुणबी आदी समाजांतील. नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोवा व मंगळूरहून आलेल्यांपासून आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, आपली संघटना स्थापिली. एकच वेदी, एकच लॅटिन मिस्सा, तरीही दोन समाज. धर्म एक असला की नवागत व स्थानिक आपोआप एक होतात, असे मानणे किती भाबडेपणाचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

८. कुडीकडून धर्मग्रामाकडे

वरील विवेचनावरून परमुलखात श्रद्धेचा आधार घेण्याचे दोन प्रकार वेगळे काढता येतात. पहिला उगमनिष्ठ : 'मी कोठून आलो' या प्रश्नावर आधारलेला. कूड हे त्याचे निखळ उदाहरण. दुसरा वसतिनिष्ठ : 'मी आज कोठे राहतो' या प्रश्नावर आधारलेला. धर्मग्राम हे त्याचे रूप. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५१८ व्या कलमानुसार धर्मग्राम हा सामान्यतः प्रादेशिक असावा, म्हणजे त्या हद्दीत राहणाऱ्या सर्व श्रद्धावंतांचा त्यात समावेश व्हावा. मात्र गरजेनुसार भाषा, राष्ट्रीयत्व इत्यादींच्या आधारेही तो स्थापन करता येतो. बाराव्या पायस या पोपनी १९५२ मध्ये स्थलांतरितांच्या धार्मिक सेवेविषयी 'एक्सुल फामिलिया' हा दस्तऐवज प्रसृत केला, त्यातही स्थलांतरितांसाठी त्यांच्या भाषेतील धर्मगुरूंची सोय मान्य केली आहे. म्हणजे चर्चने दोन्ही प्रकारांची गरज ओळखली आहे.

मुंबईतील गोमंतकीयाचा प्रवास साधारणपणे असा झाला. एकटा आला तेव्हा तो कुडीत राहिला. स्थिर नोकरी लागून कुटुंब आणले तेव्हा दादर, माहीम, वांद्रे, सांताक्रूझ अशा ठिकाणी खोली घेतली. मुले तेथील चर्चच्या शाळेत गेली. त्यांचे प्रथम ख्रिस्तशरीरग्रहण तेथेच झाले. त्यानंतर कूड त्याच्यासाठी सणाला जाण्याची जागा उरली. दोन्ही टप्प्यांत श्रद्धा तीच होती. बदलला तो तिचा पत्ता. समायोजन म्हणजे श्रद्धा सोडणे किंवा ती तशीच गोठवून ठेवणे नव्हे; तिचा पत्ता बदलण्याची तयारी म्हणजे समायोजन, असे म्हणता येईल.

या स्थित्यंतरात भाषेची भूमिका गुंतागुंतीची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळापर्यंत, मिस्सा सर्वत्र लॅटिनमध्ये होई. सासष्टीतील माणसाला मुंबई, मोंबासा वा कराचीत तेच शब्द ऐकू येत. अर्थ कळो न कळो, ओळखीचा सूर कानी पडे. परिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत होऊ लागला. अर्थबोधाच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. स्थलांतरितासमोर मात्र नवा प्रश्न उभा राहिला : कोणत्या भाषेत? कोंकणी, इंग्रजी की मराठी? आई-वडील कोंकणी मिस्साला आणि मुले इंग्रजी मिस्साला, अशी विभागणी होऊ लागली. जी गोष्ट सर्वांना कळावी म्हणून केली, तिनेच कोण कोणत्या गटाचे हे ठरविण्यास हातभार लावला.

९. गेल्या अर्धशतकातील बदल

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर गोव्यातच शिक्षण व नोकरीच्या संधी वाढल्या. १९७० च्या दशकापासून आखाती देशांचा ओघ सुरू झाला. विमानप्रवास वाढला आणि प्रवासी आगबोटींचे युग ओसरले. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर गोवा-मुंबई अंतर एका रात्रीवर आले. या साऱ्यांमुळे कुडींतील गर्दी ओसरली. बहुतेक कुडी जुन्या भाडेकरारावरील जागांत असल्याने, वाढत्या जमीनमूल्याच्या काळात मालकांशी वाद आणि पुनर्विकासाचा दबाव हे प्रश्न निर्माण झाले. आजही काही कुडी चालू आहेत. तेथे जहाजावर जाण्यासाठी वा कागदपत्रांच्या कामासाठी आलेले गावकरी उतरतात.

स्थलांतर मात्र थांबलेले नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येत असल्याने अनेक गोमंतकीय त्या पारपत्रावर इंग्लंडला गेले. स्विंडन येथे त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्या वर्षाअखेर मुक्त संचार संपल्याने ही वाट अरुंद झाली. या नव्या ठिकाणी गावची कूड उभी राहिली नाही. गोदामातील वा कारखान्यातील पाळ्यांमुळे सर्वांना एका वेळी जमणे कठीण. शिवाय कुटुंबे सुरुवातीपासूनच एकत्र राहतात. तेथे गावाची जागा भाषेने घेतली. एका गावचे नव्हे तर सर्व गोमंतकीयांचे कोंकणी मिस्सा आणि सेंट फ्रान्सिस झेवियरचे ३ डिसेंबरचे फेस्त, ही एकत्र येण्याची निमित्ते बनली. मुंबईत जी उगमनिष्ठा गावापुरती होती ती परदेशात प्रदेशापुरती रुंदावली.

१०. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) परमुलखात श्रद्धेचा आधार हा प्रामुख्याने नियमित सामूहिक कृतीतून मिळतो. तेर्ससारखी प्रार्थना पाठांतरावर आणि परस्परसहभागावर उभी असल्याने ती स्थलांतरिताबरोबर सहज प्रवास करू शकली.

२) धर्मसंस्थेतून मिळालेली संघटन, हिशेब आणि संगीत यांची कौशल्ये ही स्थलांतरितांची लौकिक शिदोरी ठरली.

३) हा आधार सर्वांना समान मिळाला नाही. गाव, जात आणि लिंग यांनुसार त्याची दारे उघडी किंवा बंद राहिली. श्रद्धा सार्वत्रिक असली तरी तिच्याभोवती उभारलेल्या संस्था तशा असतीलच असे नाही.

४) उगमनिष्ठ संस्था पहिल्या काही वर्षांत अत्यावश्यक असते, तथापि पुढील पिढीचे समायोजन वसतिनिष्ठ संस्थेतच पूर्ण होते. दोहोंपैकी एकीचा आग्रह धरणे नवागताला एकतर एकाकी करते किंवा बंदिस्त.

मुंबईत आणि अन्य महानगरांत आजही रोज नवी माणसे उतरत आहेत. त्यांना खाट भाड्याने मिळते, जेवणाचा डबा मिळतो, घरी पैसे क्षणात पाठविता येतात. कुडीने एकेकाळी जे दिले त्यातील बहुतेक गोष्टी बाजार पुरवितो. संध्याकाळी कोण परतला नाही हे ज्याला कळेल, असा माणूस मात्र बाजार पुरवीत नाही. कुडीच्या मर्यादा टाळून तिची ही नजर नव्या निवासव्यवस्थांत कशी आणता येईल, याचा विचार धर्मसंस्थांप्रमाणेच नागरी संस्थांनीही करावयास हवा. यिर्मयाच्या पत्रातील उपदेशाचा रोखही तोच आहे : ज्या नगरात आलो त्याचे कल्याण आणि आपले कल्याण वेगळे नाही, हे ओळखणे.